मंडपाची मागची बाजू

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावासमोर 'आरोग्य' एवढाच शब्द छापलेला आहे. वैद्यकीय व्यवसायातील माणूस बोलावयास उभा राहिला की रक्तदाब, मधुमेह आणि पथ्यपाणी यांवर चार शब्द ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. त्या विषयांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु आज आम्ही तंबूच्या खुंट्या, पाण्याची पिंपे, शोषखड्डे आणि संडास यांविषयी बोलणार आहोत. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय काहींना हलका वाटेल. तो हलका का वाटतो, त्याच प्रश्नापाशी आम्हांस आपणांस न्यावयाचे आहे.

आपण सर्वजण जाणताच की गेली काही वर्षे आपली काही कुटुंबे ईस्टरच्या चार दिवसांच्या सुटीत एकत्र येऊन उघड्यावर शिबिर भरवीत आहेत. १४ एप्रिलच्या जयंतीच्या जवळपास येणारी ही सुटी. मायदेशी त्या वेळी चैत्राचे ऊन तळपत असते; येथे न्यूझीलंडमध्ये मात्र शरद ऋतू उतरत असतो, पहाटे गवतावर दव साचते आणि रात्री अंगावर दोन पांघरुणे घ्यावी लागतात. वायकाटो परिसरातील एका दुग्धव्यावसायिक कुटुंबाने आपले एक कुरण आपल्याला वापरावयास दिले. चहूबाजूंनी हिरव्या टेकड्या, खाली झुळझुळणारा ओढा आणि मधोमध सपाट जागा. पहिल्या वेळी ती जागा पाहून आम्हां सर्वांचा आनंद गगनात मावेना. मुलांना तर हे एक मोठे अंगणच मिळाले.

त्या पहिल्या शिबिराच्या तयारीसाठी ज्या बैठका झाल्या, त्यांतील एका बैठकीचे स्मरण आम्हांस आजही अस्वस्थ करते. व्यासपीठावर प्रतिमा कोणत्या क्रमाने ठेवाव्यात, हार कोणी घालावेत आणि प्रास्ताविक कोणी करावे, यावर तब्बल एक तास चर्चा झाली. त्या चर्चेत आम्हीही हिरिरीने भाग घेतला. एकशे वीस माणसे चार दिवस कोणते पाणी पिणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीही विचारला नाही. बैठकीस आम्ही धरून तीन डॉक्टर उपस्थित होते.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. शेतावरील पावसाच्या पाण्याची टाकी शुक्रवारी रात्रीच तळाला गेली. शनिवारी सकाळी स्वयंपाकाच्या तंबूतील मंडळींनी कोणालाही न विचारता, आणि विचारण्यासारखे कोणी जवळपास नव्हतेच म्हणून, ओढ्याचे पाणी बादल्यांनी आणले. पिण्यासाठी दुकानातील बाटल्या आणविल्या होत्या. ओढ्याचे पाणी केवळ भांडी विसळण्यास आणि काकडी-कोथिंबीर धुण्यास वापरले. पाणी स्फटिकासारखे निर्मळ दिसत होते. परंतु आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि ओढ्याच्या वरच्या अंगास गाई चरत होत्या. सोमवारी दुपारी तंबू उतरविताना पहिले मूल आजारी पडले. घरी परतल्यावर बुधवारपर्यंत जुलाब, ताप आणि पोटदुखीने आजारी झालेल्यांची संख्या चौदावर गेली. त्यांत नऊ मुले होती. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला. गुरे, मेंढ्या आणि कोंबड्या यांच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात शिरणारा हा जंतू या देशात डॉक्टरांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

सर्व रुग्ण बरे झाले. परंतु आमच्या अपराधाचा दुसरा भाग अजून सांगावयाचा आहे. एकाच ठिकाणी जेवलेल्या अनेकांना असा आजार झाला, तर तो सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळविणे येथील डॉक्टरांवर बंधनकारक असते. आमच्यातील काहींनी काकुळतीने म्हटले, "डॉक्टर, कळवू नका. आधीच आपण इथे मूठभर. आपल्या लोकांना स्वच्छता ठाऊक नाही, असे म्हणायला कोणाला निमित्त नको." हे वाक्य ऐकून आम्ही अर्धा दिवस गप्प राहिलो. ज्या समाजाला शतकानुशतके अस्वच्छ म्हणून हिणविले गेले, त्याच्या मनातील ही भीती आम्हांस परकी नव्हती; ती आमचीही होती. सायंकाळी आम्ही दूरध्वनी उचलला आणि कळविले. पलीकडच्या अधिकारी बाईंनी शांतपणे प्रश्न विचारले, टीपण घेतले आणि पुढील वेळी काय करावे हे सांगितले. कोणीही आपल्याला हिणविले नाही. त्या अर्ध्या दिवसाची लाज मात्र आमच्यापाशी राहिली आहे.

काही वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, याच देशातील हॉक्स बे भागात हॅवलॉक नॉर्थ या गावी मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी गावाला पाणी पुरविणाऱ्या विहिरीत शिरले. त्या पाण्यात क्लोरीन घातले जात नव्हते. सुमारे चौदा हजार वस्तीच्या त्या सधन, सुशिक्षित गावात पाच हजारांहून अधिक माणसे आजारी पडली, आणि काही मृत्यूही या साथीशी जोडले गेले. जंतू हाच होता. जंतूला जात नसते, वंश नसतो, शिक्षणही कळत नाही. त्याला केवळ एवढेच कळते की पाण्याची काळजी कोणी घेतली आहे की नाही.

बंधुभगिनींनो, पाण्याची गोष्ट निघाली की आपल्या मनाला महाड आठवल्याशिवाय राहात नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याकडे गेलेली ती मिरवणूक आपण दरवर्षी स्मरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या परिषदेस आलेल्या हजारो लोकांनी मिरवणुकीपूर्वी पाणी कोठून प्याले, हे किती जणांना ठाऊक आहे? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव संमत केला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही परिषदेच्या संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर असताना, चाळीस रुपयांचे ! त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कोणीतरी ते पैसे जमविले, कोणीतरी तो सौदा केला, कोणीतरी घागरी वाहिल्या. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस यांची नावे इतिहासाने राखली. घागरी वाहणाऱ्यांची राखली नाहीत. आणि तळ्यावरून परतलेली माणसे मंडपात जेवत असताना त्यांवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी अन्न मातीत मिसळले आणि भांडी ठेचली, हेही विसरता कामा नये. जुलूम करणाऱ्यांना ठाऊक होते की चळवळ मोडावयाची असेल तर तिचा स्वयंपाक मोडावा लागतो.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुस्लीम गृहस्थाने आपली जागा दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले, म्हणून धान्यसामग्री बाहेरून आणावी लागली. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडला आले. मनुस्मृतीचे दहन ज्या मंडपासमोर झाले, तो मंडप उभा करणे हाच मुळी एक सत्याग्रह होता.

आणि नागपूर ! १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. भारतीय बौद्ध जन समितीचे वामनराव गोडबोले आणि नागपूरचे त्या वेळचे उपमहापौर सदानंद फुलझेले यांनी केलेली तयारी, चौदा एकरांचे ते मैदान, सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती असलेले व्यासपीठ, समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी राखलेली शिस्त. हे सारे आपण वाचले आहे. आमच्या घरी त्या दिवसाची एक न छापलेली हकीकतही आहे. आमची आजी उमरेडकडील एका खेड्यातून पदरात भाकरी बांधून पायी नागपूरला आली होती. दीक्षेच्या सोहळ्याविषयी तिला विचारले की ती फार थोडे बोलत असे. इतक्या गर्दीत दूरवरून बाबासाहेब तिला नीटसे दिसलेही नव्हते. परंतु एक गोष्ट ती मरेपर्यंत सांगत राहिली. उन्हात उभी असताना एक अनोळखी पोरगा बादली घेऊन रांगेतून आला. त्याने तिच्या हाती पाण्याचा लोटा दिला. "मायवं, वरून नाही ओतलं त्यानं, हातात दिला लोटा," असे ती म्हणे. त्या पोराचे नाव तिला ठाऊक नव्हते. बावीस प्रतिज्ञा तिने त्याच दिवशी उच्चारल्या. पण धर्म बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे तिला त्या लोट्याने सांगितले.

आजही ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जो जनसागर लोटतो, त्याच्यासाठी मंडप, तात्पुरते संडास, पाण्याचे टँकर आणि दवाखाने उभे राहतात. महापालिका आपले काम करते. परंतु रात्रभर अन्न वाटणारे, हरवलेली मुले शोधणारे आणि औषधांच्या टेबलामागे उभे राहणारे बहुसंख्य हात स्वयंसेवकांचे असतात. आम्ही वैद्यकीय विद्यार्थी असताना अशाच एका टेबलामागे उभे राहिलो होतो. पायी चालून आलेल्यांचे फोड धुणे आणि जलसंजीवनी पाजणे, एवढेच आमचे काम. पदवी आम्हांस विद्यापीठाने दिली. डॉक्टर कोणासाठी व्हावयाचे, हे त्या टेबलाने शिकविले.

आता हेच सारे पहिल्या शिबिराआधी आठवले असते तर? परंतु माणूस ठेच लागल्यावरच पायाखाली पाहतो. दुसऱ्या वर्षी आम्ही गणित मांडले. आपत्तीतील मदतकार्यासाठी 'स्फिअर' या नावाने ओळखले जाणारे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत माणशी दररोज किमान पंधरा लिटर पाणी धरलेले आहे. एकशे वीस माणसे, चार दिवस. म्हणजे सात हजार दोनशे लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा बैठकीत शांतता पसरली. दर वीस माणसांमागे एक संडास, म्हणजे सहा. ते भाड्याने आणावयाचे आणि ओढ्यापासून व स्वयंपाकापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास ठेवावयाचे. मोरी आणि भांडी घासण्याच्या पाण्यासाठी शोषखड्डा. त्याच्या तोंडाशी खरकटे अडविणारी जाळी. टँकरचे पाणी झाकलेल्या, तोटी असलेल्या पिंपांत; पिंपात भांडे बुडवावयाचे नाही, हा अलिखित नव्हे, लिहिलेला नियम. संडासाबाहेर आणि जेवणाच्या मंडपाबाहेर हात धुण्यासाठी पायाने दाबून वाहणारे पाणी आणि दोरीला टांगलेला साबण. शेगडी कोणत्याही तंबूत न्यावयाची नाही, कितीही थंडी पडो. कारण बंद तंबूत जळणाऱ्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड हा वास नसलेला वायू झोपेतच माणसाला नेतो.

हे सारे उभे करण्यास अठरा स्वयंसेवक गुरुवारीच कुरणावर गेले. त्यांत संगणक अभियंते होते, परिचारिका होत्या, एक लेखापाल होते, नव्याने शिकावयास आलेले विद्यार्थी होते. पहार आणि घण यांच्याशी त्यांतील निम्म्यांची ओळख त्याच दिवशी झाली. पहिली मोठी कनात दोनदा वाऱ्याने आडवी केली. खुंटी सरळ न ठोकता दोराच्या विरुद्ध दिशेने कलती ठोकावी लागते, हे शेताच्या मालकांनी येऊन दाखविले. संध्याकाळपर्यंत हातांना फोड आले आणि सहा संडास, दोन न्हाणीघरे, एक स्वयंपाकघर व एक विहार असे आमचे चार दिवसांचे गाव उभे राहिले. त्या वर्षी कोणीही आजारी पडले नाही. आम्हांस वाटले, प्रश्न सुटला.

प्रश्न सुटला नव्हता. तिसऱ्या वर्षी शनिवारी सकाळी आमच्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आपण सारे काका म्हणतो, संडासांच्या बाजूने जात असता त्यांना त्यांची चौदा वर्षांची नात हातमोजे घालून, झाडू व बादली घेऊन जाताना दिसली. त्यांनी तिच्या हातून झाडू काढून घेतला आणि तो घेऊन ते थेट मंडपात आले. आम्ही तेथे व्याख्यानाची तयारी करीत होतो. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझा बाप नगरपालिकेत झाडू मारून मेला. हा झाडू आमच्या हातातून सुटावा म्हणून बाबासाहेबांनी जन्म वेचला. तो तुम्ही माझ्या नातीच्या हातात देता?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले. श्रमाची प्रतिष्ठा, सेवाभाव, कोणतेही काम हलके नाही, असे काहीबाही आम्ही बोललो. काका ऐकून घेऊन म्हणाले, "बरं. मग गेल्या वर्षी चार दिवस संडास कोणी धुतले, त्यांची नावं सांगा." यादी नव्हती. आठवून आठवून आम्ही ती केली. चार नावे निघाली. चौघेही नुकतेच या देशात आलेले विद्यार्थी, ज्यांना कायमचा परवाना मिळावयाचा होता, ज्यांना आपल्यापैकी कोणाच्या शिफारशीची गरज होती, ज्यांना नाही म्हणणे कठीण होते. कोणीही त्यांना आज्ञा केली नव्हती. "तुम्ही तरुण आहात, तुम्ही बघाल ना?" एवढेच आम्ही म्हणालो होतो. यादीत एकही डॉक्टर नव्हता. एकही पदाधिकारी नव्हता. आणि स्वयंपाकघराची यादी केली, तर तीत एकही पुरुष नव्हता.

बंधुभगिनींनो, जाती ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले. भंगीकाम हे थोर काम आहे असे सांगून ते करणाऱ्याला त्याच कामात आनंदाने राहा म्हणणाऱ्या विचाराचा त्यांनी कठोर समाचार घेतला. मायदेशात हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारांत उतरून गुदमरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि ती माणसे कोणत्या समाजातील असतात हे आपणांस सांगावयास नको. अशा इतिहासाचे ओझे ज्याच्या पाठीवर आहे, त्याला 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द ऐकविण्याचा अधिकार झाडू न धरलेल्याला नाही. काकांना आम्ही दिलेले उत्तर शब्दशः बरोबर होते आणि आमच्या तोंडी ते खोटे होते.

मग झाडू कोणीच धरावयाचा नाही काय? एका आवाजाने अशी सूचना आली की पैसे देऊन बाहेरची माणसे आणावीत. येथे ते सहज शक्य आहे, आणि त्या कामाचा योग्य मोबदला मिळत असेल तर त्यात गैर काहीच नाही. परंतु आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो, आणि हळूहळू एक भेद आमच्या ध्यानात आला. काम वाईट नसते. ते कोणाच्या वाट्याला येते, त्याला नाही म्हणता येते काय, आणि व्यासपीठावर बसणाराही ते करतो काय, या तीन प्रश्नांनी ते काम सेवा आहे की गुलामगिरी हे ठरते. जन्माने लादलेला झाडू हा एक झाडू. पाळीने आलेला झाडू हा दुसरा.

या भेदाला तथागतांच्या संघात फार जुने मूळ आहे. विनयपिटकात संडासाच्या वापराचे व स्वच्छतेचे नियम सविस्तर दिलेले आहेत, आणि ते सर्व भिक्खूंसाठी आहेत, मग ते कोणत्याही कुळातून आलेले असोत. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये जी दुफळी माजली, तिचे कारण अट्ठकथेत दिले आहे ते हे की शौचकूपातील भांड्यात कोणी थोडे पाणी शिल्लक ठेवले. स्वतः भगवान बुद्धांनाही तो कलह मिटविता आला नाही. संडासातील एका भांड्यावरून संघ फुटू शकतो, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांना सार्वजनिक जीवन चांगलेच ठाऊक होते ! राजगृहात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूने बाहेरून येणाऱ्यांना निवासाची जागा नेमून देण्याचे काम स्वेच्छेने पत्करले. सुत्ते पाठ करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, अशी त्याची व्यवस्था असे, आणि रात्री उशिरा येणाऱ्यांना तो आपल्या बोटाच्या प्रकाशात वाट दाखवी, अशी कथा आहे. प्रकाशाचा चमत्कार आपण बाजूस ठेवू. रात्री-अपरात्री दिवा घेऊन पाहुण्याला त्याच्या जागेपर्यंत पोहोचविणारा माणूस आपणांस त्यात दिसतो. पुढे याच दब्बावर, वाट्याला बरी जागा व बरे जेवण आले नाही म्हणून रुसलेल्या भिक्खूंनी खोटा आळ घेतला. आपल्या निवास समितीच्या सदस्यांनी हे ऐकून धीर धरावा. आणि अतिसाराने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही कथा तर आम्ही वैद्यकातील पहिला धडा मानतो. त्या भिक्खूकडे कोणी का पाहत नव्हते? तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून, असे उत्तर भिक्खूंनी दिले. आपले चार विद्यार्थी आपल्या उपयोगी पडत होते, आणि तरीही त्यांच्याकडे आपण पाहिले नाही.

ज्या भूमीत आपण राहतो, तिच्याकडूनही आम्ही हे शिकलो. माओरी बांधवांच्या मराएवर ज्यांना जाण्याचा योग आला असेल त्यांनी पाहिले असेल की अंगणात स्वागताची भाषणे चालू असता मागे स्वयंपाकघरात किती हात राबत असतात. त्या राबणाऱ्यांना ते 'रिंगावेरा' म्हणतात, म्हणजे तापलेल्या हातांची माणसे. त्यांची एक म्हण आहे : मागची बाजू नीट असली तर पुढची बाजू नीट चालते. ऑकलंडच्या बॅस्टिअन पॉइंटवर आपली जमीन परत मिळविण्यासाठी नाटी फातुआ लोकांनी ५ जानेवारी १९७७ पासून जो मुक्काम ठोकला, तो पाचशे सहा दिवस टिकला. तेथे तंबू होते, बांधलेले सभागृह होते, भाजीपाल्याचे वाफे होते. मुक्कामात लागलेल्या आगीत एका लहान मुलीचा प्राण गेला, तरीही लोक हटले नाहीत. २५ मे १९७८ रोजी पोलिसांनी दोनशे बावीस जणांना अटक केली आणि उभारलेले सारे पाडले. पुढे १९८८ साली ती जमीन परत देण्याचे शासनाने मान्य केले. दीड वर्ष कोणीतरी दररोज पाणी आणले, अन्न शिजविले, घाण साफ केली, म्हणून तो लढा दीड वर्ष चालला. महाडचा मंडप आणि ही टेकडी यांत समुद्राचे अंतर आहे, मनाचे नाही.

आता काकांनी पुढे काय केले ते सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. काकांनी झाडू हाती घेतला नाही, आणि त्यांनी तो घ्यावा असे कोणी सुचविलेही नाही. त्यांच्या घराण्याने आपला वाटा कित्येक पिढ्या आगाऊ चुकता केला आहे. त्यांनी एक वही मागितली. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून त्यांनी पाळीपत्रक लिहिले. पहिल्या सकाळी अध्यक्ष. दुसऱ्या सकाळी आम्ही. त्यानंतर मुख्य वक्ते. मग इतर सर्व प्रौढ स्त्री-पुरुष वयाच्या उतरत्या क्रमाने. विद्यार्थ्यांची नावे सर्वांच्या शेवटी. स्वयंपाकघराच्या यादीत प्रत्येक पाळीत निम्मे पुरुष. आणि ज्याला हे काम करणे प्रकृतीने वा मनाने जमत नसेल त्याने कारण न सांगता दुसरे काम मागावे, अशी तळटीप. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता आम्ही हातमोजे घालून निघालो तेव्हा काका वही घेऊन बाहेर उभे होते. आमचे काम झाल्यावर त्यांनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, कोपरा राहिला." आम्ही परत आत गेलो. एवढ्या वर्षांच्या व्यवसायात आमच्या कामाची इतकी रास्त तपासणी क्वचितच झाली असेल.

ती वही आजतागायत चालू आहे. काकांची नात आज तिची व्यवस्था पाहते. त्या नातीने गेल्या वर्षी आपल्या इच्छेने पाळी मागून घेतली, आणि काकांनी ती लिहून दिली. काही बोलले नाहीत.

म्हणून, बंधुभगिनींनो, येत्या ईस्टरच्या शिबिरासाठी आमची आपणांस चार विनंत्या आहेत. पहिली, पाणी आणि संडास हा तयारीच्या पहिल्या बैठकीतील पहिला विषय असावा. प्रतिमा आणि हार त्यानंतर. दुसरी, गुरुवारच्या उभारणीस आणि सोमवारच्या उतरणीस आपापल्या घरातून किमान एक माणूस यावे. कुरण आपल्याला जसे मिळाले तसेच, एकही खुंटी मागे न ठेवता, परत करावयाचे आहे. तिसरी, जो नवा विद्यार्थी वा नवे कुटुंब प्रथमच येईल, ते त्या वर्षी पाहुणे असतील. त्यांच्या हाती पहिल्या दिवशी ताट द्यावे, झाडू नव्हे. आणि चौथी, राबलेल्या प्रत्येकाचे नाव या स्मरणिकेत छापले जावे. महाडच्या घागरी वाहणाऱ्यांची नावे आपण गमावली. आमच्या आजीच्या हाती लोटा देणाऱ्या त्या पोराचे नाव कोणालाच सांगता येत नाही. ही चूक आपण या दूरच्या बेटावर पुन्हा करू नये.

विहारातील वंदना अवश्य सुंदर व्हावी, व्याख्याने विचारप्रवर्तक व्हावीत, मुलांच्या नाटिका रंगाव्यात. परंतु समता आपल्यात किती मुरली आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने मंडपाच्या पुढून न येता मागून यावे. तेथे काकांची वही खिळ्याला टांगलेली असेल. तीत आपले नाव कोणत्या ओळीत आहे, ते प्रत्येकाने पाहावे.



नमो बुद्धाय ! जयभीम !